डाव्या चाकामागचं ठिगळ

गाडी विकणारा माणूस आमच्याशी खोटं काही बोलला नाही, हे आधी लिहून ठेवतो. अर्धापूरच्या पुढं, रस्त्यापासून बरंच आत, केळीच्या बागेच्या कडेला त्याचं पत्र्याचं शेड होतं. त्यात गाडी उभी होती. दोन दारांची, दोनच सीटची, बुटकी, लाल. वरचं कापडी छत फाटून लोंबत होतं आणि सीटवर कोंबड्या बसत असाव्यात. बागेला सोडलेलं पाणी शेडच्या आत झिरपून आलं होतं, पुढची दोन्ही चाकं त्या चिखलात रुतलेली. सरांनी किल्ली हातात घेतली तेव्हा तो म्हणाला, "डावीकडं वढती जरा. बाकी तिला काय बी न्हाई."

सर हसले. टायरात हवा कमी असंल, म्हणाले. सर हसले म्हणून मी पण हसलो.

टेम्पोत चढवताना चार माणसं लागली. त्या घरातली बाई ओट्यावर केळीची पानं कापत बसली होती. आम्ही तिच्या दारातून ती गाडी नेत होतो, पण तिनं एकदाही मान वर केली नाही. टेम्पो नांदेड ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मागं गाडीजवळच बसलो होतो, दोरी धरून. खड्डा आला की गाडीच्या पोटातून लाल माती गळायची. मला वाटलं चिखल वाळला असेल. बोटांनी चुरून बघितली तर ती माती नव्हती.

सर म्हणजे लातूरला क्लासमध्ये आयुष्यभर फिजिक्स शिकवून थकलेले गृहस्थ. माझ्या नात्यातले नाहीत, गावचेही नाहीत. माझं गाव किनवटच्या पलीकडं, लातूरहून निघालं तर पोचायला दिवस मोडतो. आठवीत शाळा सोडली, नांदेडला गॅरेजात लागलो, तिथून लातूरला डेंटिंगच्या कामावर आलो. एका पावसाळ्यात डेंग्यू झाला. खोलीवर एकटा पडलो होतो. सरांची स्कूटर माझ्याकडं दुरुस्तीला होती, ती का येईना म्हणून ते शोधत आले आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. पुढं पंधरा दिवस काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, भाकरी कुस्करून खाऊ घातली. बरा झालो तरी त्यांनी मला परत पाठवलं नाही. मागची खोली रिकामीच होती. तिथं राहून मी बाहेर कामाला जात होतो, सुट्टीच्या दिवशी त्यांची बारीकसारीक कामं करत होतो. सरांनी माझा बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि संध्याकाळी मला बीजगणित शिकवायला लागले. तिशी उलटलेल्या माणसाला. मी "समजून राहिलं सर" म्हटलं की ते म्हणायचे, राहिलं म्हणजे उरलं का रे सगळं?

हे सगळं सांगतो, कारण पुढं जे झालं ते माझ्यावरच्या उपकाराच्या भीतीतून झालं. ज्याचं खाल्लं त्याच्यापुढं तोंड उघडताना माझी जीभ जड होते. आईबापाशी भांडता येतं, सरांशी येत नाही.

गाडीचं काम घरीच करायचं, जमेल तसं आणि जमेल त्यात करायचं, असं ठरलं होतं. घराच्या बाजूला पत्रे टाकून जागा केली. रेडिएटर भंगारातून आणला आणि त्याची गळती झाळून बंद केली. इंजिन एका साध्या छोट्या गाडीचंच होतं, त्यामुळं जुने पार्ट मिळत गेले. छत शिवलं मोंढ्याजवळ ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या चाचांनी. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "बाकी की आधी गाडी कहां है?" सर आठवडाभर तो किस्सा सांगत होते. सीटांवर रेक्झिन चढलं. रंग मी स्वतः मारला, उन्हाचा अंदाज घेऊन, रोज थोडा थोडा.

सर खुर्ची टाकून बाजूला बसायचे. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, खाली वाकता येत नव्हतं. खाली काय चाललंय ते मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. माझ्या तोंडून निघेल तीच त्यांच्यासाठी खालची गाडी.

त्या गाडीची बॉडी फायबरची. फायबरला गंज चढत नाही म्हणून बघणारा फसतो. ते नुसतं पांघरूण असतं. खाली लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा असतो, त्याला आम्ही चासी म्हणतो, आणि चाकं त्या सांगाड्याला धरलेली असतात. भाद्रपदात एका दुपारी मी डाव्या पुढच्या चाकामागं झोपून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पाइप ठोकत चाललो होतो. चांगलं लोखंड ठण वाजतं. तिथं, चाकाला खालून धरणारा लोखंडी हात जिथं बोल्टांनी बसवलेला असतो, तिथं आवाज आला थप. भिजल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. टोक लावून दाबलं तर स्क्रू ड्रायव्हर अर्धा आत गेला. बाहेर काढला तेव्हा पाइपाच्या आतून बागेतला वाळलेला चिखल आणि गंज माझ्या तोंडावर पडला. डावीकडं का ओढते ते मला कळलं.

वर सर माझी बीजगणिताची वही तपासत होते. लाल पेन चालल्याचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, "कसं आहे रे खाली?"

मी म्हणालो, "वरवरचा गंज हाय सर. निघून जाईल."

एवढंच. त्यासाठी मला विचार करावा लागला नाही, ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. नंतर मात्र विचार केला, आणि प्रत्येक विचार त्या खोट्याच्याच बाजूनं लागत गेला. खरं काम करायचं तर पूर्ण बॉडी उचलायची, सडलेला पाइप कापून काढायचा, नवा घालायचा, चाकांची मापं जुळवायची. त्याला महिने लागतील. सरांनी तर दसऱ्याला गाडी रस्त्यावर काढायचं ठरवलेलं. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, तेही साधं नाही, लातूर सोडून थेट नांदेडला बहिणीकडं सोनं द्यायला जायचं. त्यांच्या भाऊजींनी फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "मास्तर, निघताना कळवा. मी भंगाराचा टेम्पो अहमदपूरपर्यंत सामोरा पाठवतो." सर त्यावर मोकळेपणानं हसले, पण त्या दिवसापासून ते माझ्याशी दसऱ्याशिवाय दुसरं बोलेनात.

आणि खरं सांगायचं तर दुसरीच भीती मोठी होती. चासी सडली म्हटलं तर काकू म्हणतील, विका भंगारात. गाडी गेली तर माझं त्या घरात काय काम? खोली, भाकरी, संध्याकाळचं बीजगणित, मार्चची परीक्षा, सगळं त्या लाल गाडीवर उभं आहे असं मला वाटत होतं. मला असं कुणीच म्हटलं नव्हतं. मीच ते धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याचा तुकडा कापला आणि त्या भोकावर वेल्डिंग केलं. सडक्या लोखंडावर वेल्डिंग धरत नाही. ठिणगी पडली की कड वितळून भोक आणखी मोठं होतं. मग त्याच्यावर मोठा तुकडा लावला, टाके टाके देऊन कसाबसा चिकटवला, ग्राइंडरनं घासला, फटींत पुट्टी भरली आणि वरून काळ्या कोटिंगचा जाड हात मारला. इतकं सफाईदार काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. सरांनी काकूंचा हातआरसा एका काठीला बांधून खाली धरला, टॉर्च मारली आणि बराच वेळ बघत राहिले. "नव्यासारखं दिसतंय," ते म्हणाले.

"हाव," मी म्हणालो.

दसऱ्याच्या चार दिवस आधी सरांनी कॉलनीत फेरी मारली. पोरं मागं पळत होती, बाया गॅलरीत आल्या. मी कोपऱ्यावर उभा राहून फक्त डावं चाक बघत होतो. वळणावर ते किंचित आत झुकलं आणि परत सरळ झालं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल. सर उतरले तेव्हा त्यांच्या कानशिलापर्यंत लाली आली होती. ते म्हणाले, जरा डावीकडं ओढते अजून, दसरा झाला की अलाइनमेंट करून घेऊ. गाडी उभी केल्यावर मी खाली शिरलो. काळ्या कोटिंगवर, ठिगळाच्या वरच्या कडेला, केसासारखी एक रेघ उमटली होती. पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक. मी बोट फिरवलं तर ती पुसली गेली नाही.

त्यानंतर मी दिवसातून पाचसहा वेळा ती रेघ बघायला खाली जाऊ लागलो. काकू म्हणाल्या, "लई जीव लावला बाबा गाडीला. बायको आली तर तिला पण असंच बघशील का?" मी हसल्यासारखं केलं. खंडेनवमीला सुट्टी होती, त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून ठिगळ उघडायचं, आतून जाड पट्टी घालायची, निदान नांदेडला जाऊन येण्याइतकं तरी घट्ट करायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पण खंडेनवमीला सकाळी काकूंनी माझी सगळी हत्यारं मागितली. त्यांच्या घरी आधी हत्यारं म्हणजे विळी, सुरी आणि सरांच्या शाळेच्या वेळची एक कंपासपेटी. यंदा घरात कारागीर आहे म्हणून त्यांना कौतुक होतं. पाने, हातोडे, पक्कड, ग्राइंडर, वेल्डिंगचा होल्डर सगळं मी रॉकेलनं पुसून दिलं आणि काकूंनी पाटावर मांडलं. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, नैवेद्य दाखवला. मग मला बजावलं, आता उद्या शिलंगण करून आल्याशिवाय यातलं एकही हत्यार हलवायचं नाही. त्यांच्या माहेरी, निलंग्याकडं, एकानं पूजेतली कुऱ्हाड उचलली होती. मी विचारलं, मग काय झालं? काकूंनी समईची वात सारखी केली.

आमच्याकडंही असंच असतं. बापाची कुऱ्हाड त्या दिवशी पाटावर असली की सरपणाला सुद्धा दुसरी मागून आणत नाहीत. म्हणून मी हत्यार मागू शकलो नाही. दिवसभर पूजेच्या खोलीच्या दारावरून येजा करत राहिलो. हत्यारं फुलांखाली, आणि बाहेर ती रेघ.

दसऱ्याला सकाळी गाडी फाटकासमोर आणली. बॉनेटवर स्वस्तिक, पुढं झेंडूचं तोरण, चारी चाकांखाली लिंबं. शेजारचे पाचसात जण जमले होते. सीट दोनच, त्यामुळं मी मागून एस.टी.नं जायचं होतं. हेच मला सकाळपासून टोचत होतं. मी आत बसणार असतो तर बहुतेक गप्प बसून गेलो असतो, जे होईल ते माझंही झालं असतं. पण आत सर आणि काकू, आणि मी मागच्या बसमध्ये खिडकीजवळ. अहमदपूरच्या पुढं रस्त्यावर सोयाबीनचे ट्रॅक्टर आडवेतिडवे येतात. तिथं ब्रेक मारावाच लागतो, आणि ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. हे मला सरांनीच शिकवलं होतं, वहीत बाण काढून.

काकू ठेवणीतली जरीची साडी नेसून आत बसल्या. मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा, त्यावर आपट्याच्या पानांची पिशवी. सरांनी मला नारळ दिला, तूच फोड म्हणाले, तुझ्या हाताला यश आहे.

मी नारळ खाली ठेवला आणि घरात गेलो. चपला काढायचं भान नव्हतं. पाटावरून हातोडा उचलला तेव्हा त्याच्यावरची फुलं बाकीच्या हत्यारांवर घरंगळली. बाहेर आलो तेव्हा काकूंनी काचेतून आधी हातोडा बघितला.

"आरं, ठेव ते. ठेव आधी."

मी म्हणालो, "काकू, उतरा तुम्ही. सर, तुम्ही पण." आणि उत्तराची वाट न बघता गाडीखाली शिरलो. पहिला घाव चुकून दुसरीकडंच बसला. दुसरा ठिगळावर बसला. फार जोर लावावा लागला नाही. हातोडा आत गेला आणि ठिगळ कडेनं उघडून लोंबकळलं. वर गाडी डाव्या अंगाला टिचभर खाली बसली. ते मला दिसलं नाही, लोकांच्या तोंडून आवाज निघाला त्यावरून कळलं.

मी बाहेर आलो आणि तुकडा सरांच्या हातात ठेवला, कारण त्यांना वाकून बघता येणार नव्हतं. त्यांच्या तळव्यावर पूजेचं कुंकू होतं. त्यात गंज मिसळला, दोन्ही लालच.

"हे कुठलं?"

"डाव्या चाकामागचं. मीच लावलं होतं."

"माहीत कधीपासून होतं?"

"लावलं तेव्हापासून."

सरांनी तुकडा उलटा करून आतली बाजू बघितली. ते ओरडतील असं वाटलं, ओरडले नाहीत. काकू तोवर उतरल्या होत्या, डबा छातीशी धरून. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"मी बसले होते त्यात. तुला दिसत होते ना रे मी बसलेले?"

मला दिसत होत्या.

शेजारी पांगले. सरांनी बहिणीला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. भाऊजी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, सर फक्त "हो, बरोबर आहे तुमचं" असं दोनदा म्हणाले. दुपारी ते दोघं पायीच कॉलनीच्या शेवटच्या रस्त्यापर्यंत गेले, सीमोल्लंघनाला. मला चल म्हणाले नाहीत. मी खोलीत जाऊन बॅग भरली. भरण्यासारखं फार नव्हतं. बीजगणिताची वही घ्यावी की ठेवावी ते कळेना, तिच्यात निम्मं अक्षर सरांचं होतं.

सर परत आले तेव्हा मी बॅग घेऊन पायरीवर बसलेलो. त्यांनी बॅगेकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. म्हणाले, "खालचं उघडं टाकून चाललास?"

मी बॅगेचा बंद हाताला गुंडाळला.

"जायचं तर मला सगळं दाखवून जा. किती सडलंय ते. आज आरसा नको, कापून हातात दे."

मी राहिलो. दिवाळीपर्यंत बॉडी उचलली, पाइप डावीकडचा कापला, उजवीकडचाही कापला, कारण तोही आतून गेलेला निघाला. प्रत्येक तुकडा कापला की वर सरांच्या हातात. ते तो खुर्चीजवळच्या बादलीत टाकायचे. त्या बादलीनं माझी जितकी लाज काढली तितकी कुणी काढली नाही. सर पहिल्यासारखंच शिकवतात, परीक्षेला मी बसलो, गणितात निघालोही. पण आता मी "हाव" म्हटलं की ते क्षणभर थांबतात, माझ्या तोंडाकडं बघतात, मग पुढं जातात. पूर्वी थांबत नसत.

काकू वाढतात, विचारपूस करतात. मात्र पूजेतलं हत्यार उचललं गेलं, त्याचं वर्ष अजून सरलेलं नाही, हे त्या विसरलेल्या नाहीत. उन्हाळ्यात सरांना चक्कर आली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. डॉक्टर म्हणाले शुगर कमी झाली होती, घाबरण्यासारखं काही नाही. काकूंनी मान हलवली. मीही हलवली. तेव्हापासून घरात कुणी नुसतं खोकललं तरी मी हातातलं काम ठेवून कान देतो. माझा विश्वास आहे की नाही, मला सांगता येत नाही. तो हातोडा मी बाकीच्या हत्यारांत ठेवत नाही, एवढं खरं.

गाडी महिन्यापूर्वी पुन्हा चाकांवर उभी राहिली. नवे पाइप जाड आहेत, वेल्डिंग एका जाणत्या मिस्त्रीला बोलावून तपासून घेतलंय, त्यानं ठोकून, वाकवून, बघून ठीक आहे म्हटलं. डावीकडं ओढत नाही. मी एकट्यानं औसा रोडला नेऊन आणली, जोरात ब्रेक मारून बघितले, दगड भरून खड्ड्यातून काढली. घरी येऊन प्रत्येक बोल्ट तपासला, मग पुन्हा तपासला.

रोज सकाळी चहा झाला की सर बाहेर येतात. दार उघडून एक हात छतावर ठेवतात आणि मला विचारतात, "बसू का?"

त्यांना एवढंच हवंय, माझ्या तोंडून एक "हाव". मी म्हणतो, सर, आजचा दिवस जरा थांबा, एक बोल्ट बघायचाय. ते दार लावून घेतात.